जेवणानंतरची गोळी

(झाशी. सिविल लाइंसमधला एक खासगी दवाखाना. नवरात्रातल्या अष्टमीची सकाळ. पलंगावर प्रेमला, शेजारी तिची भाची अनुया, इथलीच डॉक्टर.)

प्रेमला: आणि हे यंत्र काढ बाई आधी. रात्रभर कानाशी टिंव टिंव. ह्याच्यापेक्षा तुझ्या आतोबांचं घोरणं परवडलं.

अनुया: यंत्र राहणार. आत्या, तू नाश्ता परत पाठवलास?

प्रेमला: दलिया होता गं! नवरात्रात गव्हाचा दलिया! त्या सिस्टरला म्हटलं, बेटा, हमारा व्रत है. तर म्हणते कशी, अम्मा, बीमारी में सब माफ है. म्हटलं, माफ करणारी तू कोण?

अनुया: काल दुपारपासून पोटात काही नाही तुझ्या. काहीतरी जेव.

प्रेमला: शुभ बोल गं! उपासाला जेवत नाहीत, फराळ करतात. अष्टमीच्या दिवशी 'जेव' म्हणतेस? तुझ्या आईनं शिकवलं नाही का काही?

अनुया: आई शिकवायची. मी ऐकायची नाही.

प्रेमला: दिसतंय ते. हे येताहेत डबा घेऊन. तू एवढंच सांग, दुपारी सोडताय ना मला? आज लक्ष्मी गेटच्या देवळात सगळ्या बायका जमणार. देवीचा उकडीचा मुखवटा मीच करते दरवर्षी. नाकडोळे काढायचे तर दुसरीचा हात वळत नाही. एकदाच शेजारच्या भानुमतीनं केला होता, देवी रागावलेली दिसत होती. आणि देवीपुढे नाचत घागर कोण फुंकणार? मी पहिली घागर उचलल्याशिवाय एक जण उठत नाही.

अनुया: आत्या, काल काय झालं ते तुला आठवतंय ना?

प्रेमला: न आठवायला काय झालं? घटाला माळ ओवत बसले होते. झेंडूची. सुई हातातून पडली. उचलायला गेले तर बोटं ऐकेनात. ह्यांना हाक मारायची होती, की अहो, सुई पडली, जपून पाय टाका. आणि तोंडातून निघालं भलतंच काहीतरी. माझं मलाच कळेना काय बोलतेय.

अनुया: घाबरलीस?

प्रेमला: मी कसली घाबरते! घाबरले ते हे. पायात चप्पल नाही, अंगात बनियन, तसेच रस्त्यावर पळाले रिक्षा बघायला. तोवर माझं बोलणं आपोआप ताळ्यावर आलंसुद्धा. पण ऐकतात कुठे?

अनुया: ऐकलं नाही ते उत्तम केलं. तो लकव्याचा इशारा होता, आत्या. छोटी गुठळी डोक्याच्या नसेत अडकली आणि सुटली, म्हणून तू आज माझ्याशी भांडू शकतेस. स्कॅन साफ आहे. पण पुढची गुठळी सुटेलच, असं लिहून देता येत नाही.

प्रेमला: ह्याच्यासाठीच तर ती गोळी होती ना? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू माझा हात धरलास, म्हणालीस, आत्या, तुझी नाडी वेडीवाकडी चाललीये. मग ती ईसीजीची पट्टी काढली, आणखी काय काय काढलंत. नावही मोठं सांगितलंत. एट्रियल फि... फि...

अनुया: फिब्रिलेशन.

प्रेमला: तेच. गोळ्या सुरू केल्या. गुठळी होणार नाही म्हणालात. मग झाली कशी?

अनुया: तोच तर सवाल आहे! रात्रभर मी तोच विचार करतेय. आमच्या मोठ्या डॉक्टर सरांनाही तेच कोडं पडलंय. औषध नियमानं चालू असताना झालं असेल, तर मामला वेगळा. मग औषध बदलायचं, ग्वाल्हेरला नेऊन घशातून नळी टाकून हृदयाची तपासणी करायची. चार-पाच दिवस तरी मुक्काम.

प्रेमला: ग्वाल्हेर? अगं, घट बसलेत घरात! अखंड दिवा आहे!

अनुया: म्हणून खरं खरं सांग. गोळी रोज घेत होतीस?

प्रेमला: मला काय विचारतेस? मला त्या गोळीचं नावसुद्धा ठाऊक नाही. हे देतात, मी घेते. हे हातावर ठेवतात, मी तोंडात टाकते. लग्न झाल्यापासून एवढ्या एकाच गोष्टीत मी ह्यांचं निमूट ऐकलंय.

अनुया: ते विसरले असतील?

प्रेमला: कोण, हे? रेल्वेत गार्डाची नोकरी केलेला माणूस! अजून घरातून निघताना दोन्ही बाजूंना बघून हात हलवतात, गाडी सुटल्यासारखा. आमच्या अख्ख्या प्रेम नगरात त्यांच्या शिस्तीची चेष्टा होते. हे विसरले म्हणजे सूर्य विसरला उगवायला.

अनुया: मग मला कळत नाही.

प्रेमला: मला तर पहिल्यापासूनच कळलं नाही. मलाच का हे? कधी बाहेरचं खाल्लं नाही, उपासतापास केले, शाळेत शिकवायला पायी गेले, पायी आले. चांगलं ठणठणीत हृदय, आणि त्याला हे भिकेचे डोहाळे!

अनुया: तुलाच नाही गं. जगात पाच-सहा कोटी लोक आहेत ह्या आजाराचे.

प्रेमला: कोटी?

अनुया: कोटी. तरुणांत कमी. पण साठीच्या पुढे शंभरात दोन-चार तरी निघतात, आणि वय वाढेल तसे आणखी. ब्लड प्रेशर असेल तर अजून लवकर. तुझं आहेच. आणि मजा म्हणजे, पुष्कळांना पत्ताच नसतो. छातीत थोडी धडधड, जिना चढताना दम. म्हणतात, उम्र हो गई. तू पण तेच म्हणत होतीस.

प्रेमला: मग आज लक्ष्मी गेटला ज्या म्हाताऱ्या येतील, त्यांच्यातही असेल कुणाला?

अनुया: असेलच एखादीला. आणि ती घागर फुंकत असेल.

प्रेमला: अगंबाई! ती नाडी बघायची कशी, दाखव मला.

अनुया: ही बघ, तीन बोटं, मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला. दाबू नकोस, नुसती ठेव. माझी बघ. एक-एक-एक, सारखं अंतर. आता तुझी तू बघ.

प्रेमला: हं... एक... एकदोन... आं? गेली कुठे? ...एक. अरे देवा! हे तर आमच्या वर्गातल्या पोरांच्या ओळीसारखं आहे. दोन जण चिकटलेले, मध्ये एक गैरहजर.

अनुया: अगदी तसंच. वरचे दोन कप्पे आहेत ना हृदयाचे, त्यांनी नीट आवळून रक्त खाली ढकलायचं. तुझे नुसते थरथरतात. मग रक्त एका कोपऱ्यात रेंगाळतं. दूध हलवत राहिलं नाही की साय धरते, तशी तिथे गुठळी धरते. ती निघाली की सरळ डोक्यात.

प्रेमला: मग हे थरथरणंच बंद करून टाका ना एकदाचं. झंझट संपेल.

अनुया: करता येतं. झोपेचं इंजेक्शन देऊन विजेचा छोटा झटका देतात, ठेका परत येतो कधी कधी. किंवा मांडीच्या नसेतून बारीक तार आत नेऊन, जिथून ही गडबड उठते तेवढी जागा भाजून टाकतात. दिल्लीत रोज होतं. तुझ्यासाठी तो रस्ता खुला आहे, आपण त्यावर बोलू. पण तेही केलं तरी गोळी लगेच सुटत नाही. म्हणून आधी ही गोळी पक्की हवी. आणि नाडी धीमी ठेवायची ती दुसरी, छोटी पांढरी.

प्रेमला: ती सकाळची. तोंड धुतलं की घेते. आज घेतली नाही मात्र.

अनुया: आज आम्ही दिली, सहा वाजता. तू सिस्टरशी भांडत घेतलीस.

प्रेमला: ती होय? मला वाटलं झोपेची दिली.

विद्याधर: आत येऊ का? बाहेर तो शिपाई म्हणतो, बाबूजी, एक पेशंट के साथ एक. म्हटलं, बाबा रे, आतली डॉक्टर आहे, ती सोबत धरत नाहीत.

अनुया: या आतोबा. बसा.

प्रेमला: दिवा?

विद्याधर: तेवतोय. शेजारच्या शलाकाला बसवून आलोय समोर. तूप वितळवून ठेवलंय, वात सरकवायची कशी ते दाखवलं, आणि ती कॉलेजला जायच्या आत परत येतो म्हणून सांगितलंय. तुझं काय? बोलणं बरं आहे?

प्रेमला: तुम्हीच ऐका आणि ठरवा.

विद्याधर: बरं आहे. फारच बरं आहे.

प्रेमला: अंगात सदरा घातलात, नशीब. काल सगळ्या गल्लीनं बनियन पाहिलं.

विद्याधर: पाहू दे. हे घे. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ. खिचडी मी केलीय, जरा गोळा झालाय. आमटी भानुमतीबाईंनी दिली.

अनुया: आतोबा, खाणं होईल. आधी मला तिची औषधं दाखवा. आणलीत ना पिशवी?

विद्याधर: आणली तर! न आणून कसं चालेल? ही बघ. हा डबा सकाळचा, हा जेवणानंतरचा. वर चिठ्ठी चिकटवलीय. तू जानेवारीत सांगितलंस त्याच दिवशी मी हे सगळं लावून घेतलं.

अनुया: हे जेवणानंतरचं रक्त पातळ करायचं. मागच्या महिन्यात मी स्वतः दुकानातून पाठवलं होतं. आतापर्यंत संपत यायला हवं. इतक्या गोळ्या उरल्या कशा?

विद्याधर: उरणारच. नवरात्र आहे ना.

अनुया: मतलब?

विद्याधर: मतलब काय? उपास आहे तिचा. घट बसल्यापासून अन्न नाही पोटात. जेवणानंतरची गोळी आहे ही. जेवणच नाही तर गोळी कशी द्यायची?

अनुया: ...घट बसल्यापासून एकही दिली नाहीत?

विद्याधर: एकही नाही. तूच बजावलं होतंस, अनुया, मला शब्द न् शब्द लक्षात आहे. 'आतोबा, खाली पेट बिलकुल नाही. जेवण झाल्यावरच. ह्यात गडबड नको.' मी म्हटलं, बेटा, माझ्याकडून गडबड होणार नाही. जेवण नाही म्हणजे सिग्नल लाल. लाल असताना मागून कुणी कितीही भोंगा वाजवो, आपण झंडी दाखवायची नाही. तिनं एकदा विचारलं सुद्धा पहिल्या माळेला, आज गोळी नाही का? मी म्हटलं, दसऱ्याला पारणं झालं की. माळांच्या गडबडीत तिच्या ध्यानातही राहिलं नसेल.

अनुया: आणि एकादशीला?

विद्याधर: एकादशीला पण नाही. श्रावणी सोमवारी मात्र द्यायचो, संध्याकाळी सोडते ना ती, तेव्हा जेवण असतं. का गं? अशी काय बघतेस?

अनुया: काही नाही. जरा थांबा.

विद्याधर: नाही, सांग. तू डॉक्टर आहेस, तोंड लपवू नकोस. ते जे काल झालं... ते ह्याच्यामुळे?

अनुया: आतोबा, ही गोळी एक दिवसाची असते. आज घेतली, उद्यापर्यंत असर. दुसऱ्या दिवशी चुकली की संरक्षण संपलं. म्हणजे... हो. बहुतेक ह्याच्यामुळेच.

विद्याधर: म्हणजे मी केलं.

अनुया: असं नाही...

विद्याधर: असंच आहे. रोज डबा उघडत होतो, गोळी बघत होतो, आणि परत झाकण लावत होतो. वर शाबासकी देत होतो स्वतःला, की बघा, किती सांभाळतोय हिला. एवढ्या गाड्या नेल्या, कधी कुणाच्या केसाला धक्का लागू दिला नाही. आणि घरात बसून...

प्रेमला: पुरे! काय लावलंय? मीच नको म्हटलं होतं.

विद्याधर: काय?

प्रेमला: गोळी. तुम्ही देत होतात, मीच नको म्हटलं. नवरात्रात इंग्रजी औषधं नकोत पोटात, देवीचा उपास बाटतो, असं मीच म्हटलं. विसरलात तुम्ही. वय झालं आता.

अनुया: आत्या, मघाशी तर तू म्हणालीस, हातावर ठेवतात ते...

प्रेमला: मघाशी काय? मघाशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तूच म्हणालीस ना, नस अडकली होती? अडकलेल्या नसेचं बोलणं धरतेस होय?

विद्याधर: प्रेमला, खोटं बोलू नकोस. अष्टमी आहे आज.

प्रेमला: अष्टमीला मला शिकवू नका. तुम्ही भुसावळचे, आम्ही इथले. सात पिढ्या झाल्या ह्या झाशीत आम्हाला देवी बसवून. देवीला कळतं काय खरं न् काय खोटं.

अनुया: सुनो, दोघं पण सुनो. चूक शोधायचीच असेल तर माझी शोधा. 'खाली पेट नाही' हे मी सांगितलं. कुणाला सांगितलं? ज्या घरात महिन्यात दोन एकादश्या, श्रावण, चातुर्मास, आणि नवरात्राचे उपास, त्या घराला. मी ह्याच घराच्या मांडीवर वाढले. साबुदाण्याची वाटी भरभरून खाल्लीय इथे. आणि एकदाही विचारलं नाही, की आत्या, उपासाच्या दिवशी काय करणार? पेशंटना मी रोज विचारते, व्रत रखती हो? आपल्याच माणसांना विचारायचं राहिलं.

प्रेमला: झालं? सगळ्यांनी वाटून घेतली का चूक? की प्रसादासारखी शेजारीपाजारी पण द्यायची?

विद्याधर: तू हसू नकोस.

प्रेमला: मग काय रडू? जीभ परत मिळालीय, ती वापरू दे मला. हात द्या इकडे.

विद्याधर: कशाला?

प्रेमला: नाडी बघायचीय. मला येते आता. द्या म्हणते ना. गप्प बसा, बोलू नका... हं. चांगली आहे. जोरात धावतेय, पण सरळ धावतेय. अगं, हे थंडगार पडलेत बघ. हात किती गार!

विद्याधर: रात्री झोप नाही लागली.

प्रेमला: कळलं. राहू दे हात इथेच.

अनुया: आतोबा, एक गोष्ट ऐका, आणि ही लिहून चिकटवा हवं तर. पोट भरलेलं हवं ते एवढ्यासाठी, की ही गोळी अन्नाबरोबर नीट अंगी लागते. आता ही तुमची खिचडी बघा. तूप किती घातलंय?

विद्याधर: घातलंय सढळ हातानं.

अनुया: दाण्याचं कूट, बटाटा, वर दाण्याची आमटी. अहो, माझं रोजचं जेवण एवढं भारी नसतं! गोळीला गहू-तांदळाशी काही देणंघेणं नाही. तिला भरलेलं पोट कळतं, व्रत कळत नाही. फराळ झाला की गोळी. एकादशी, सोमवार, नवरात्र, कुठलाही दिवस असो. सिग्नल हिरवा.

विद्याधर: आणि तिनं नुसतं पाणीच घेतलं एखाद्या दिवशी? हरतालिकेला निर्जळी करते ही.

प्रेमला: अहो!

विद्याधर: आता मी लपवणार नाही काही.

अनुया: निर्जळी बंद. आत्या, वाद नको. त्या दिवशी दूध-केळं, राजगिऱ्याचे लाडू, काहीही भरपेट, आणि गोळी. देवीला मी सांगते.

प्रेमला: तू सांगणार! तुला आरती तरी येते का अख्खी?

अनुया: अर्धी येते. अर्ध्यात सांगीन. आणि आणखी एक, गुडघा दुखतो म्हणून मनानं दर्दाची गोळी घेतेस ना तू? ती ह्याच्याबरोबर बिलकुल नाही, पोटात रक्त सुटेल. हिरड्यांतून रक्त आलं, शी काळी झाली, डोक्यावर पडलीस, तर लगेच फोन. रात्री-अपरात्री, कधीही.

प्रेमला: किती घाबरवशील?

अनुया: घाबरवत नाही. उलट सांगतेय, की ही गोळी रोज पोटात गेली, तर असे तीन झटके येणार असतील त्यातले दोन टळतात. एवढं जमणारं औषध आमच्याकडे फार थोडं असतं. तुझी केस सोपी निघाली, आत्या. औषध हरलंच नाही. त्याला मैदानात उतरवलंच नव्हतं. थांब, सरांना फोन लावते. ...हॅलो, सर, अनुया बोल रही हूँ. वो मेरी बुआजी वाला केस. जी. पता चल गया. दवा फेल नहीं हुई, मिस हुई है, नवरात्र के पहले दिन से. जी सर, व्रत था... नहीं सर, मेरी गलती है, मैंने पूछा नहीं... जी. वही दवा, वही डोज. आज ही से, खाने के साथ. जी, स्कैन साफ है, बीपी भी ठीक. ...शाम तक? थैंक यू सर. जी, मैं खुद ले जाऊँगी.

प्रेमला: काय म्हणाले?

अनुया: ग्वाल्हेर कॅन्सल. तेच औषध आजपासून परत. चार वाजता एकदा बघून जातील, सगळं ठीक असेल तर सुट्टी. दसरा झाला की परत यायचं, मग त्या झटक्याचं न् तारेचं बोलू.

प्रेमला: चार! म्हणजे मुखवट्याला वेळ मिळतोय. अहो, पिठी काढून ठेवा...

अनुया: मुखवटा कर. बसून. घागर मात्र नाही.

प्रेमला: नाही म्हणजे? अगं, घागरीशिवाय अष्टमी...

अनुया: घागर होईल. तू फुंकायची नाहीस. निदान ह्या वर्षी नाही. कालच्या दिवसानंतर इतका दम भरून नाचायचं नाही, हे माझं शेवटचं बोलणं. नाही तर सरांना परत फोन लावते.

प्रेमला: मग पहिली घागर उचलणार कोण?

अनुया: मी उचलते.

प्रेमला: तू? तुला आवाज तरी काढता येतो का? लहानपणी फुंकलीस तेव्हा म्हैस हंबरल्यासारखी वाजली होती.

अनुया: मग तू समोर बसून शिकव. आणि मध्ये मध्ये एकेकीची नाडी बघ. जिची ओळ वाकडी वाटेल तिला उद्या माझ्याकडे पाठव. बायका माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतात.

प्रेमला: हे बरं सांगितलंस. भानुमतीला तर पहिली धरते. जिना चढताना धापा टाकते, आणि म्हणते, गॅस झालाय.

विद्याधर: अनुया, हा डबा तुझ्याकडे ठेव.

अनुया: कुठला? खिचडीचा?

विद्याधर: गोळ्यांचा. तिला आता तू देत जा. नाही तर सिस्टरला सांग, घरी एखादी बाई लावू. माझ्या हातानं नको.

अनुया: आतोबा...

विद्याधर: मी विचार करून बोलतोय. काल घटापाशी ती माझ्याकडे बघत होती आणि काहीतरी सांगत होती, आणि मला एक शब्द कळत नव्हता. इतकी वर्षं एका घरात काढली, हिचं बोलणं मला कळलं नाही असं कधी झालं नव्हतं. कटकट वाटली असेल, पण कळलं नाही असं नाही. पुन्हा तसं झालं तर मला सहन व्हायचं नाही.

प्रेमला: काय सांगत होते ते आता सांगते. सुई पडलीय, पाय जपून टाका, एवढंच सांगत होते. टोचली का?

विद्याधर: टोचली.

प्रेमला: बघा. आणि अनवाणी पळाले. अनुया, ह्यांचा पाय बघ गं जरा, धनुर्वाताचं इंजेक्शन दे.

अनुया: देते. दाखवा आतोबा.

विद्याधर: ते राहू दे. मी डब्याचं बोलतोय.

प्रेमला: मीही डब्याचंच बोलतेय. गोळी तुम्हीच द्यायची. दुसऱ्या कुणाच्या हातची मी घेणार नाही, सांगून ठेवते. ती सिस्टर आली तर दलियासारखी परत पाठवीन.

विद्याधर: प्रेमला, पुन्हा चुकलो तर?

प्रेमला: तुम्ही चुकत नाही, तीच तर पंचाईत आहे. सांगितलं त्याच्या बाहेर जरा म्हणून जात नाही. आता नवं सांगितलंय ना तिनं? मग तेच धरून बसा. आणा ती खिचडी. ...खरंच गोळा झालाय हो. साबुदाणा भिजवताना पाणी किती घातलं होतंत?

विद्याधर: बुडेल इतकं.

प्रेमला: बुडेल इतकं नसतं घालायचं, बरोबरीचं घालायचं. असू दे. चव चांगली आहे. आमटी वाढा. वरीचे तांदूळ पण.

अनुया: वाह. आत्ता कशी भूक लागली?

प्रेमला: चार वाजता घरी जायचंय. आणि तुला घागर शिकवायची, त्याला ताकद नको?

विद्याधर: आणखी थोडी घे. अर्धीच झालीय वाटी. तूपही घे, वरून.

प्रेमला: पुरे हो आता. पाणी द्या.

विद्याधर: पाणी हे. अनुया, आता... देऊ?

अनुया: मला काय विचारता? तिला विचारा.

विद्याधर: प्रेमला. फराळ झाला तुझा?

प्रेमला: फराळ काय, फराळ? भरपेट जेवलेय मी. आणा, ठेवा हातावर.